सहा विरुद्ध चार

धूरकक्षातला पंखा सुरू होऊन अकरा मिनिटं झाली तरी गाडीचं कुलूप उघडलं नाही, तेव्हा डॉ. ऋजुता कारखानीसने पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून अकरा मिनिटं. पाच मिनिटं पुरेशी आहेत, असं तिनेच अहवालात लिहिलं होतं.

गाडी साधीच होती. आठ वर्षं टॅक्सी म्हणून चाललेली, पांढरी, मागच्या दारावर लांब ओरखडा असलेली. ती एका सीलबंद खोलीच्या मधोमध उभी होती. खोलीच्या एका भिंतीला जाड काच होती आणि काचेपलीकडे नियंत्रण कक्षात देवयानी खरात कानाला हेडफोन लावून बसली होती. गेला तासभर या खोलीत जळत्या बोगद्यातली हवा भरलेली होती. तिच्यात शंभरातला एक भाग कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. दोन-तीन श्वासांत माणूस कोसळतो.

आता ती हवा पंख्याने बाहेर ओढून काढली होती. निदान काढलेली असायला हवी होती.

"मॅडम, दार रुसलंय," तिच्या शेजारी ड्रायव्हरच्या जागेवरून इस्माईल तांबोळी म्हणाला. नगर-सोलापूर रस्त्यावर तीस वर्षं गॅरेज चालवून तो या संस्थेत आला होता. या गाडीचा प्रत्येक नवा भाग त्याच्या हाताने बसलेला होता.

"थांबू जरा."

"थांबलोच आहे की. जाणार कुठं?" त्याने दाराची मूठ ओढून पाहिली. ती सैल, निर्जीव हलली. "तो छतावरचा पंखा ऐकताय का? बारीक सूर लागलाय त्याचा. काल घुमत होता."

"काल आपण बाहेरून ऐकत होतो, मिस्त्री. काच बंद असली की आवाज वेगळा येणारच."

तांबोळीने मान हलवली. पटल्याची ती खूण नव्हती, पण वाद घालायचा नाही असं त्यातून कळत होतं.

चार वर्षांपूर्वी घाटातल्या एका बोगद्यात ट्रक पेटला. लोक गाड्या सोडून पळत सुटले आणि दोनशे मीटरच्या आत एकतीस जण पडले. काचा लावून जे घाबरून आत बसून राहिले ते वाचले. त्यानंतर आश्रय-कुलूप आलं. बाहेर विषारी वायू असेल तर गाडी स्वतःला सील करते, काच फुटत नाही, दार उघडत नाही आणि बाहेरची हवा सुरक्षित आहे असा निकाल लागल्यावरच माणूस सुटतो. सुरुवातीच्या आराखड्यात डॅशबोर्डवर आतून दार उघडायचं एक लाल बटण होतं. ते ठेवावं का, असं समितीने ऋजुताला विचारलं होतं. तिने एका वाक्यात उत्तर दिलं होतं: घाबरलेला माणूस साक्षीदार म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

बटण गेलं. जिथे ते असणार होतं तिथे आता एक गोल झाकण होतं. ऋजुताची नजर दोनदा तिकडे गेली.

तिने बोलण्याची कळ दाबली. "देवयानी, कक्षाचा मुख्य दरवाजा उघडून आत येता येईल का?"

"नाही मॅडम. तोही गाडीच्या निकालावर लावलाय ना आपण. मागच्या वर्षी तो ऑपरेटर घाईने आत शिरून बेशुद्ध पडला, त्यानंतर तुमचंच पत्र होतं."

"हो. माझंच." तिने श्वास सोडला. "खोलीचा मापक काय सांगतोय?"

"शून्य. पंखा सुरू केल्यापासून शून्यच आहे."

"मग अग्निशमनवाल्यांना फोन कर. दरवाजा कापायला लागेल म्हणावं."

"नगरहून यायला दोन तास सांगतील मॅडम. पुढे पोलाद कापायचं म्हणजे..."

"तरी कर."

तिने कळ सोडली. तांबोळीने सीट मागे सरकवली. "मॅडम, हे हवा हुंगणारे कण बसवले मी, पण त्यांचं डोकं कसं चालतं ते मला कुणी धड सांगितलं नाही. बिघाड शोधायचा तर मला कळायला पाहिजे."

ऋजुताला बरं वाटलं. समजावून सांगताना तिचा आवाज नेहमी स्थिर होई. "गाडीला बाहेरची हवा कुठे कुठे लागते?"

"एअर फिल्टरला. इंजिनाच्या थ्रॉटलला. आणि चारी ब्रेकना."

"त्या प्रत्येक भागात एक साक्षीकण आहे. तुरीच्या दाण्याएवढा. तो हवा हुंगतो आणि बिनतारी संदेश पाठवतो, विष की स्वच्छ. पण एका कणावर भरवसा ठेवता येत नाही, कारण कण म्हातारा होतो. त्याच्या छिद्रांत काजळी बसते आणि एकदा शिरलेला वायू अडकून राहतो. हवा स्वच्छ झाली तरी आठ-आठ तास तो 'विष, विष' म्हणत बसतो."

"लोणच्याच्या बरणीगत. धुतली तरी वास जात नाही."

"अगदी तसंच. नवा कण पाच मिनिटांत मोकळा होतो. म्हणून सगळ्यांची मतं घ्यायची आणि बहुमताने निकाल. समसमान झाली तर दार बंदच."

"आपण फिल्टर, थ्रॉटल आणि पुढचे दोन ब्रेक नवे टाकले," तांबोळीने बोटांवर मोजलं. "मागचे दोन तेवढे जुने."

"मुद्दामच. लोक जुनी गाडी सुधारताना तेवढंच करतात. तरीही नवे चार, जुने दोन. जुने दोघे कितीही ओरडले तरी दार उघडायला हवं."

"मग कुणी फितूर झालंय."

तिने पुन्हा कळ दाबली. "देवयानी, मतं किती पडलीयेत?"

"साक्षी दहा. विष सहा, स्वच्छ चार."

"दहा? गाडीत सहाच कण आहेत. नीट बघ."

"दहाच आहेत मॅडम. कुणाचं मत काय ते दिसत नाही, नुसते आकडे येतात."

तेही खरं होतं. नावं दाखवली तर कंपन्या एकमेकींच्या मालाला नावं ठेवतील, म्हणून ती झाकली होती.

"गुप्त मतदान," तांबोळी म्हणाला. "त्यात बोगस मतदार घुसले चार. आमच्या गावच्या सोसायटीची निवडणूकच की ही." आणि बोलता बोलता तो थांबला. हसू तसंच अर्धवट राहिलं. "मॅडम. जुना माल."

"कुठला?"

"काढलेला. फिल्टर, थ्रॉटल, पुढचे दोन पॅड. पोत्यात बांधून डिकीत ठेवलाय मी."

"कशाला?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "कशाला म्हणजे? काढलेला भाग मालकाच्या हातात द्यायचा असतो. नाहीतर तो म्हणणार, मिस्त्रीने बदललंच नाही, पैसे तेवढे घेतले. माझ्या वस्तादाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं. बोल्ट बदलला तरी जुना बोल्ट कागदात गुंडाळून गाडीत. अख्ख्या रस्त्यावरचे मिस्त्री असंच करतात."

ऋजुता डोळे मिटून बसली. आपण सगळ्या शक्यता काढून टेबलावर मांडल्या होत्या आणि ही एक तिथे नव्हती. कणाची बॅटरी पंधरा वर्षं चालते. त्याच्यात गाडीचा क्रमांक असतो. आपण गाडीला जोडलेले आहोत की पोत्यात पडलेलो आहोत, हे कणाला कळायची काही सोय नव्हती. मागचे दोन जुने ब्रेक आणि डिकीतल्या पोत्यातले चार जुने भाग, हे सहा विष म्हणत होते. नवे चार स्वच्छ म्हणत होते. सहा आणि चार.

गणित जुळलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं.

"म्हणजे बाहेर हवा चांगली आहे," ती म्हणाली. "नुसते म्हातारे आपल्याला अडवून बसलेत."

"मग डिकीतनं पोतं काढू." तो मागे वळला आणि स्वतःच म्हणाला, "नाही काढता येत. मध्ये पत्रा आहे. मीच वेल्ड केलाय."

आतल्या हवेचा हिशेब तिने मनाशी केला. जेमतेम तीन घनमीटर हवा. दोन माणसं. आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तासाला सव्वा टक्क्याने वाढणार. अकरा वाजल्यापासून दार बंद आहे. तीन-चार टक्क्यांना डोकं ठणकतं, सहाला विचार तुटायला लागतात, नऊ-दहाला माणूस शुद्धीवर राहत नाही. जुने कण रात्री आठच्या आधी मोकळे होणार नाहीत. म्हणजे नऊ तास. अकरा टक्के.

"मिस्त्री, जुने भाग नुसते जवळ असले म्हणून मतदान करतायत ना? मग नवे भागही जवळ आणले की करतील."

तांबोळीने तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवर थाप मारली. "आपली माणसं भरा!"

नवा भाग जवळ आला की गाडीने त्याला आपोआप स्वीकारावं, कंपनीच्या परवानगीची वाट बघू नये, ही अट ऋजुताने समितीत भांडून घालून घेतली होती. रस्त्याकडेच्या मिस्त्रीचा धंदा बुडू नये म्हणून. तीच आता उपयोगी पडणार होती.

"देवयानी, स्टोअरमधून नवे भाग हवेत. तीन. फिल्टर, पॅड, काहीही. काचेपाशी आणून ठेव. कारण नंतर सांगते."

"स्टोअरची किल्ली साळुंखेंकडे आहे मॅडम. शनिवार म्हणून ते गेले. जामखेडहून बोलावते."

वाट पाहणं सुरू झालं. काचा धुरकटल्या. तांबोळी रुमालाने समोरची काच पुसायचा, दोन मिनिटांत ती पुन्हा धूसर व्हायची. मोबाइल बाहेर ठेवून आले होते, चाचणीचा नियम तसा होता. एक वाजता ऋजुताच्या कपाळात ठोके पडू लागले.

"बोलू नका," ती म्हणाली. "बोलताना जास्त हवा लागते."

"आयुष्यात पहिल्यांदा बाईमाणसाने मला हे सांगितलं, आणि मी ऐकणार," तांबोळी म्हणाला आणि खरंच गप्प झाला. त्याचा श्वास मात्र ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. छतावरचा पंखा बारीक सुरात गातच होता.

पावणेदोनला देवयानीचा आवाज आला. "साळुंखे आले! पहिला डबा ठेवतेय. फिल्टर आहे."

"आकडा सांग."

"साक्षी अकरा. विष सहा, स्वच्छ पाच."

तांबोळीने मूठ आवळली. ऋजुताने आपला हात दाराच्या मुठीवर ठेवला. कुलूप सुटलं की 'टक' असा आवाज होई. त्या आवाजाची ती इतकी वाट पाहत होती की दोनदा तिला तो झाल्याचा भास झाला.

"दुसरा. पॅड. विष सहा, स्वच्छ सहा. तिसरा साळुंखे आणतायत, जिन्यात आहेत. थांबा हं, इथे ठेवायला जागाच नाही, हे पोतं पायात येतंय."

"सरकव ते बाजूला," ऋजुता म्हणाली. आणि मग तिने विचारलं, "कुठलं पोतं?"

"मिस्त्रीकाकांचं. जुन्या मालाचं. सकाळी गाडीचं वजन जास्त भरत होतं म्हणून मी डिकीतनं काढून इथे टेबलाखाली ठेवलं."

तांबोळी ताठ बसला. ऋजुताच्या जड झालेल्या डोक्यात आकडे तेच राहिले आणि त्यांची माणसं बदलली. पोतं काचेपलीकडे आहे. तिथली हवा स्वच्छ आहे, तिथे देवयानी श्वास घेतेय. पोत्यातल्या चौघांनी आज विष पाहिलेलंच नाही. म्हणजे स्वच्छ म्हणणारे चार ते. आणि विष म्हणणारे सहा म्हणजे गाडीला जोडलेले सहा. जुने दोन आणि नवे चार. सगळेच्या सगळे.

"थांब!" ती ओरडली. "तिसरा डबा आत आणायचा नाही! देवयानी, साळुंखेंना थांबव! जिन्यातच!"

हेडफोन पडल्याचा आवाज, धावत्या चपला, लांबून "अहो काका, थांबा, थांबा!" ऋजुताने दाराच्या मुठीवरचा हात उचलला आणि तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला. टक झालं नाही.

"थांबले," देवयानी धापा टाकत म्हणाली. "दारात होते. काय झालं?"

"बाहेर विष आहे. आमच्याभोवती. अजून."

"पण मापक शून्य दाखवतोय!"

"मापक कुठे आहे?"

"वरच्या धुराड्यात. झडपेच्या..." तिचा आवाज बारीक झाला. "झडपेच्या वर."

"झडप उघडलेलीच नाही," तांबोळी म्हणाला. "म्हणून पंखा बारीक गातोय. एअर फिल्टर चोंदला की असंच होतं मॅडम. ओढायला हवाच नाही, ओझं नाही, मग पातं मोकळं फिरतं आणि सूर चढतो. मी सकाळपासून... म्हणजे बारापासून सांगत होतो."

"सांगत होता," ऋजुता म्हणाली.

वर झडप बंद, तिच्यावर मोकळ्या आकाशाची हवा, आणि मापक ती हवा मोजून इमानदारीने शून्य सांगत होता. पोत्यातले म्हातारेही खोटं बोलले नव्हते. प्रत्येक साक्षी आपण उभा होता तिथलं खरं सांगत होता. कोण कुठे उभा आहे, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. आणि दार उघडावं असं इतकं वाटत होतं, की पोतं डिकीत आहे हे तिने एकदाही तपासलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाबद्दल समितीला लिहिलेलं ते एक वाक्य तिला आठवलं.

"अग्निशमनवाल्यांना कळव," ती म्हणाली. "मुखवट्याशिवाय काहीही कापायचं नाही. आणि झडप—"

"मी चढते वर."

तांबोळी कळीवर वाकला. "पोरी, ऐक. हातोडा मारू नको. झडपेच्या डाव्या अंगाला दांडा असेल, तो मोटरपासून सुटला असेल नाहीतर गंजून धरला असेल. खालून वर उचलायचा. हळू. आणि उघडली की वाऱ्याच्या बाजूला उभी राहा, तोंड धुराड्यावर नेऊ नको. पाय नीट रोव."

"हो काका."

"आणि पोतं?" तांबोळीने ऋजुताकडे वळून विचारलं.

"पोतं आणि दोन्ही डबे इमारतीपासून लांब न्या," तिने सांगितलं. "पार्किंगच्याही पुढे. साळुंखेंना सांग. गाडीला फक्त तिचे सहा ऐकू यायला हवेत."

नंतर पंधरा मिनिटं काहीच कळलं नाही. नियंत्रण कक्ष रिकामा होता, काचेपलीकडे एक खुर्ची तेवढी फिरलेली दिसत होती. ऋजुताला मळमळू लागलं. श्वास घेतला तरी पोट भरत नव्हतं, पुन्हा घ्यावासा वाटायचा. आता तिला दार उघडायला नको होतं. ते बंद राहावं म्हणून ती ज्या एकाग्रतेने बटणाच्या जागच्या झाकणाकडे बघत होती, त्याच एकाग्रतेने मघाशी दार उघडण्याची वाट पाहत होती. आत चार टक्के, बाहेर एक टक्का. आतलं हळू मारणारं, बाहेरचं झटकन.

मग पंख्याचा सूर खाली आला. आधी खरखर, मग दीर्घ, जाड घुमणं. गाडीच्या काचा किंचित थरथरल्या.

"घेतलं ओझं," तांबोळी पुटपुटला.

देवयानी परतली. तिच्या कोपराला गंज लागला होता. "उघडली. साक्षी सहा. विष सहा."

"वाट बघू."

"विष सहा." बऱ्याच वेळाने, "विष पाच, स्वच्छ एक."

"फिल्टर असणार," तांबोळी म्हणाला. "त्याला वारा आधी लागतो."

"चार-दोन. तीन-तीन." मग इतका वेळ काहीच नाही की ऋजुताला वाटलं कळ बिघडली. "विष दोन, स्वच्छ चार."

टक.

साधा, हलका आवाज. दाराच्या फटीतली रबराची कड किंचित सैल झाली. दोघांपैकी कुणीही हललं नाही. तांबोळीचा हात मुठीपासून वीतभर अंतरावर होता आणि तिथेच राहिला.

"मॅडम? उघडलंय," देवयानी म्हणाली. "निघा ना बाहेर!"

"देवयानी, पोतं कुठे आहे?"

"पार्किंगपलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी. साळुंखे त्याच्यावर बसलेत."

"तुला दिसतायत?"

"खिडकीतून दिसतायत."

ऋजुताने मान हलवली. तरीही तिचा हात उठेना. चार मतं, चार खरे साक्षीदार, तिने स्वतः रचलेला नियम. सगळं बरोबर होतं. मघाशीही सगळं बरोबर होतं.

ती तांबोळीकडे वळली. "मिस्त्री, पंखा कसा वाटतो?"

त्याने डोळे मिटले, मान तिरकी केली, बॉनेटखालचं इंजिन ऐकावं तसं ऐकलं. घाई केली नाही.

"घुमतोय," तो म्हणाला. "भरल्या अंगाने घुमतोय. हवा जातेय."

तिने दार ढकललं.